दहा टेकाडांची फेरमोजणी

मी अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पूरनकाशा विभागात नोकरीला आहे. पाऊस पडल्यावर पाणी कुठं जाईल हे पाऊस पडायच्या आधी सांगायचं, असं एकूण काम. मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना ते समजावणं अवघड जातं. "म्हणजे तू गूगल मॅप्समध्ये?" असं आधी विचारतात. नाही म्हटलं की "मग वेदरमध्ये?" त्यालाही नाही म्हटलं, की हा सरकारी नोकर आहे आणि याला ले-ऑफची भीती नाही एवढं मनात टिपून घेतात आणि दुसरा बटाटेवडा उचलतात.

दर काही वर्षांनी एक विमान आमच्या गावावरून जातं आणि जमिनीवर लेझरचे अगणित ठिपके सोडतं. ते खाली आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून जमीन कुठं किती उंच आहे हे बोटभर फरकापर्यंत कळतं. झाडं, घरं, गाड्या संगणक पुसून टाकतो आणि खाली उरते ती नुसती माती, कपडे काढलेल्या पेशंटसारखी. त्यावर आम्ही खोटा पाऊस पाडतो आणि पाणी कुठं धावतं ते बघतो.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ही नवी मोजणी ऑफिसात आली. असं काही हाती आलं की माणूस सगळ्यात आधी स्वतःचं घर शोधतो. मीही शोधलं. आमच्या गल्लीत एका ओळीत अकरा घरं आहेत, सगळी मराठी. त्यांच्या मागच्या अंगणांत, अगदी एका रेषेत, सारख्या आकाराचे दहा उंचवटे दिसत होते. एखाद्या शिस्तप्रिय घुशीनं आखून काम केल्यासारखे.

घूस कोण ते मला ठाऊक होतं. ते माझे सासरे.

मोरेश्वर आंबेकर, म्हणजे आमचे बाबा, सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं भूमापक होते. लोकांच्या जमिनी मोजून हद्दीच्या खुणा दाखवायच्या. सासूबाई गेल्यावर हिमानीनं त्यांना इकडं आणलं. पहिलं वर्ष त्यांनी आमचं लॉन पावलांनी मोजण्यात काढलं. दुसऱ्या वर्षी जानेवारीत चार नंबरच्या अक्षतनं सहज विचारलं, "काका, तुम्हाला दिशांचं कळतं ना? आमचं घर वास्तूच्या दृष्टीनं कसं आहे?" बाबांनी फोनवरचं होकायंत्र काढलं, आणि निवृत्तीनंतरची त्यांची कारकीर्द सुरू झाली.

"मोजणीत काय असतं, शंतनूराव," ते मला एकदा म्हणाले होते, "एक जण खूश होतो आणि दुसरा कोर्टात जातो. वास्तूत कोणी कोर्टात जात नाही."

त्यांचं निदान असं की नैऋत्य कोपरा जड आणि उंच पाहिजे, आणि आपल्या ओळीतल्या घरांचा तो कोपरा खोलगट आहे. तेव्हा तिथं मातीचं टेकाड घालावं: अडीच फूट उंच, आठ फूट रुंद. अक्षतनं घातलं. अकरा दिवसांनी त्याला प्रमोशन मिळालं. मेपर्यंत ओळीतल्या दहा घरांत टेकाडं झाली. घरमालक संघटनेकडून त्यांना 'शोभेचा उंचवटा' म्हणून रीतसर मंजुरी मिळाली. काहींनी वर शेवंती लावली, एकानं सिमेंटचं हरीण बसवलं.

अडचण अशी की त्या कोपऱ्यांतूनच बिल्डरनं एक चर काढून ठेवला होता. पावसाचं पाणी ओळीच्या मागून वाहत खालच्या तळ्यात जावं म्हणून. तो इतका उथळ आणि गवताळ होता की चर वाटायचाच नाही. लॉन नीट सपाट झालं नाही, एवढंच वाटायचं. खोलगट कोपरा म्हणून बाबांनी जो भरायला लावला, तो हा.

आणि गुरुवारी एका चक्रीवादळाचं उरलंसुरलं आमच्यावरून जाणार होतं. दिवसभरात सात इंच पावसाचा अंदाज होता.

मी दहा टेकाडांसकट तो पाऊस संगणकावर पाडला. पाणी पहिल्या टेकाडामागं तुंबलं, तिथून वळसा घालून दुसऱ्यामागं, मग तिसऱ्यामागं. दहाव्यापाशी मात्र त्यानं चर सोडला आणि ते सरळ अकराव्या घरात शिरलं. अकराव्या घरात टेकाड नव्हतं. तिथं होता तळघराचा दरवाजा, अंगणाच्या पातळीला उघडणारा, आणि आत हातभर पाणी.

ते घर सुलेखामावशींचं. आणि त्या तळघरात त्यांचे यजमान नंदूकाका झोपतात.

*

शनिवारी अक्षतकडे सगळे जमलेच होते, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेलो. पडद्यावर नकाशा लावला. आपत्तीचा नकाशा दाखवल्यावर लोक घाबरतात, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. ते प्रशिक्षण देणाऱ्यांनी मराठी माणसं पाहिलेली नसावीत.

"निळं म्हणजे चांगलं ना?" अक्षतनं विचारलं.

"निळं म्हणजे पाणी."

"पण आमचं फिकट आहे. अमितचं बघ, गडद आहे."

"माझं गडद का?" सात नंबरचा अमित पुढं आला. "आमचा प्लॉट त्याच्यापेक्षा मोठा आहे."

"तुझ्याकडे सहा इंच पाणी साठतंय, त्याच्याकडे चार."

"तेच म्हणतोय. आम्हालाच जास्त का?"

अक्षतची बायको आश्लेषा हल्ली शनिवार-रविवार घरं विकायचं काम करते. तिनं नकाशा बराच वेळ न्याहाळला. "शंतनू, हे पब्लिक आहे का? म्हणजे घर घेणाऱ्याला दिसतं?"

"पुढच्या वर्षी दिसेल."

"मग ही पुराची रेघ थोडी मागं घे ना. आपलाच आहेस तू."

"रेघ मागं घेतली तरी पाणी मागं जात नाही, आश्लेषा."

"हो रे, पण पाणी एक दिवस येईल आणि जाईल. रेघ कायमची राहील."

मी मुद्द्यावर आलो. गुरुवारच्या आत टेकाडं काढायला हवीत, नाहीतर सगळं पाणी नंदूकाकांच्या खोलीत जाईल.

सगळ्यांनी प्लेटा खाली ठेवल्या. मला वाटलं, पटलं.

"बाबांना विचारलंस?" अमित म्हणाला.

"अजून नाही."

"हे बघ यार, माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन आठ महिने अडकलेलं. टेकाड घातलं आणि दोन आठवड्यांत आलं. आता तू म्हणतोस काढ."

"आणि एक सांगू का," अक्षतनं आवाज खाली आणला, "वाईट वाटून घेऊ नकोस. दहा घरांत टेकाड आहे, तिथं पाणी शिरत नाही. एका घरात नाही, तिथं शिरतंय. तुझाच नकाशा म्हणतोय."

लेझरचे अगणित ठिपके, एक विमान आणि माझी पंधरा वर्षांची नोकरी यातून वास्तुशास्त्राचा इतका स्वच्छ पुरावा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

*

सुलेखामावशी नागपूरच्या. तिथं शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. मुलगा इथं, आणि तो कामानिमित्त कायम दुसऱ्या राज्यात, प्लेनोला. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी नकाशावर एकदा नजर टाकली आणि चष्मा काढला.

"हे मी एप्रिलमध्येच तुमच्या सासऱ्यांना म्हटलं होतं. म्हटलं, मोरेश्वरराव, पाण्याच्या वाटेत माती टाकून राहिले तुम्ही. तर मला म्हणतात, ताई, तुमची श्रद्धा कमी पडते."

"मावशी, काकांना चार दिवस आमच्याकडे हलवू या."

तळघरात पलंगावर नंदूकाका उशीला टेकून बसले होते. दोन्ही गुडघे तीन आठवड्यांपूर्वी बदललेले. "तुझ्या दारात पायऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"चढवाल मला चौघं जण धरून. उतरवणार कोण? मी दिवाळीपर्यंत तुझ्याकडे राहीन. हिमानीला विचार आधी."

"मग हॉटेल?"

"हॉटेलात नेशील, ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "परत कुठं आणशील? वरच्या मजल्याला चौदा पायऱ्या. या घरात यांना राहता येईल अशी एकच खोली आहे. त्यात चिखल भरला, कार्पेट कुजलं, भिंती फोडल्या, तर तीन महिने यांनी जायचं कुठं? म्हाताऱ्यांना ठेवतात त्या नर्सिंग होममध्ये?"

नंदूकाकांनी गुडघ्यांवरची चादर सारखी केली. "डॉक्टर म्हणाला, हे वीस वर्षं टिकतील. मी म्हटलं, माझी गॅरंटी नाही, यांची तरी आहे." मग म्हणाले, "नर्सिंग होमचं मात्र बघ रे. तिथं सगळे इंग्रजीत कण्हतात."

मी घरमालक संघटनेच्या ब्रेंडाबाईंना ईमेल केली. तासाभरात उत्तर आलं. मंजूर झालेला उंचवटा हलवायचा तर नव्यानं अर्ज हवा, सोबत प्रमाणात काढलेला नकाशा हवा, आणि निर्णयाला कामाचे तीस दिवस लागतील. मी लिहिलं, वादळ पाच दिवसांवर आहे. त्यांनी लिहिलं की त्यांना पूर्ण कल्पना आहे आणि त्या आमच्यासाठी प्रार्थना करतील.

म्हणजे आता बाबाच राहिले.

*

"तू त्यांना चुकलात म्हणू नकोस," हिमानीनं रविवारी दुपारी स्वयंपाकघरात मला बजावलं. "दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना इथं कुणी काही विचारतंय."

"मग काय म्हणू?"

"नकाशा दाखव. ते नकाशावाले आहेत."

मी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा अंथरला. बाबा आले, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि वाकून बघायला लागले. जमिनीचा प्रत्येक उतार त्यात सावलीनं उठून दिसत होता. त्यांनी हातानं चराची वाट धरली आणि बोट तळ्यापर्यंत नेलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांना सगळं दिसलेलं आहे.

"सुंदर काम आहे," ते म्हणाले. "आमच्या वेळी एवढी जमीन मोजायला दोन उन्हाळे गेले असते."

"बाबा, हे टेकाड इथं आहे म्हणून पाणी इथं वळतं."

"पाण्याचं खरं आहे. पण नैऋत्य आहे तिथंच आहे, शंतनूराव. ती काही मी ठरवलेली नाही. तुमच्या सोयीसाठी दिशा हलवता येत नाही."

मग त्यांची नजर नकाशाच्या कोपऱ्यातल्या उत्तर दाखवणाऱ्या बाणावर गेली. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "तुमची उत्तर चुकलेली आहे," ते म्हणाले.

"बाबा, ही उत्तर उपग्रहांवरून घेतलेली आहे."

"उपग्रहांना कळवा मग." त्यांनी फोन काढला, होकायंत्र लावलं आणि फोन नकाशावर ठेवला. फोनचं कव्हर जाडजूड होतं, पुस्तकासारखं मिटणारं, त्यामुळे फोन कलला. "यंत्र सपाट पाहिजे," असं पुटपुटत त्यांनी कव्हर काढून बाजूला ठेवलं आणि नुसता फोन टेबलावर टेकवला.

काटा फिरला. चांगला पन्नासेक अंश फिरला आणि माझ्या बाणाशी समांतर उभा राहिला.

बाबांनी फोन परत कव्हरात घातला. काटा जुन्या जागी आला. पुन्हा काढला. पुन्हा फिरला. मोजणीत वाचन तीनदा घ्यायचं असतं, असं ते नेहमी सांगतात. त्यांनी तिसऱ्यांदाही घेतलं.

कव्हर मिटावं म्हणून त्यात लोहचुंबक बसवलेले असतात. ते डिसेंबरात, वाढदिवसाला हिमानीनंच दिलं होतं. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती आणि तिलाही दिसलं होतं. आम्ही तिघंही त्या कव्हराकडे बघत होतो, म्हणजे पोलीस पंचनाम्यात हत्याराकडे बघतात तसं.

"पहिल्या दिवशी शिकवतात," बाबा शेवटी म्हणाले. "मोजणीची साखळी हातात द्यायच्या आधी. होकायंत्राजवळ लोखंड नको. किल्ल्यांचा जुडगासुद्धा नको. शेतकरी विळा घेऊन जवळ आला तर मी त्याला वीस पावलं लांब उभा करायचो."

"बाबा, जानेवारी होता, ढग होते," हिमानी म्हणाली. "सूर्य दिसला असता तर तुमच्या लगेच लक्षात आलं असतं."

"आणि पुढच्या नऊ घरांत मी मोजलंच नाही. एका ओळीत आहेत, दिशा तीच, म्हणून पहिल्याचंच उतरवलं." त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "असं करणाऱ्या एका माणसाची मी बदली करवली होती."

मी त्यांना एक वाट काढून दिली. चांगल्या मनानंच दिली. "बाबा, पृथ्वीची चुंबकीय उत्तर दरवर्षी सरकते. हे शास्त्रीय सत्य आहे. आपण लोकांना सांगू, उत्तर सरकली, म्हणून टेकाडंही सरकवायची."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपण लाच देऊ केली आहे हे मला कळलं.

"ती सरकते ते मला ठाऊक आहे, शंतनूराव. चौतीस वर्षं तेच वजा करत आलो. एवढ्या महिन्यांत पन्नास अंश सरकली असती, तर विमानं समुद्रात पडली असती." त्यांनी चहा घेतला. "खरी नैऋत्य कुठं येते?"

मी नकाशावर दाखवलं. गॅरेजच्या बाजूला, रस्त्याकडच्या चढावर. तिथं टेकाड घातलं काय किंवा हत्ती बसवला काय, पाण्याला काही फरक पडणार नव्हता.

"बरं," ते म्हणाले आणि कव्हर हिमानीच्या हातात दिलं. "हे सुऱ्या-चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेव. तिथं त्याला सोबत आहे."

*

सोमवारी सकाळी ओळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस आली.

"घर क्रमांक एक ते दहाच्या सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, जानेवारी ते मे या काळात झालेल्या दिशामोजणीत मोजणीदाराकडून, यंत्राजवळ लोहचुंबक ठेवल्यामुळे, त्रेपन्न अंशांची चूक झालेली आहे. सबब बुधवारी सकाळी नऊ वाजता फेरमोजणी करून उंचवटे योग्य जागी हलविण्यात येतील. संबंधितांनी फावड्यांसह हजर राहावे. गैरहजर राहिल्यास फेरमोजणी थांबणार नाही. मोजणीदार, मो. ग. आंबेकर."

मी ऑफिसात ते वाचलं. दहा घरं आता काय म्हणतील, बाबा उद्यापासून कुणाच्या दारात जातील, असं सगळं डोक्यात येऊन गेलं.

दहा घरांनी त्यातलं अक्षरही खरं मानलं नाही. आधी नमस्कारांची रांग लागली. मग अक्षतनं लिहिलं की एवढा मोठा माणूस, पण केवढी नम्रता, सगळं स्वतःवर घेतात. त्याच्या मते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातच काहीतरी मोठं घडत होतं, आणि बाबा लोकांना घाबरवायचं नाही म्हणून कव्हरवर ढकलत होते. पुराव्यादाखल त्यानं एका व्हिडिओची लिंक टाकली. बाबांनी उत्तर दिलं, "चूक कव्हराचीही नसून माझी आहे." त्यावर आणखी नमस्कार आले.

अमितनं तेवढा कामाचा प्रश्न विचारला. "काका, टेकाड हलवल्यावर एक्स्टेन्शन रद्द नाही ना होणार?"

"झालेल्या गोष्टी फेरमोजणीत येत नाहीत," बाबांनी कळवलं.

ब्रेंडाबाईंना हवा असलेला नकाशा बाबांनी स्वतः काढला. मी संगणकावर दोन मिनिटांत छापून देतो म्हटलं, तर म्हणाले, "छापील कागदाला कोण भितं?" आमच्या लेकीची, अनिकाची, ड्रॉइंगची शाई आणि निब घेऊन त्यांनी अकरा घरांची ओळ प्रमाणात काढली. चतुःसीमा लिहिल्या, झाडं दाखवली, सिमेंटच्या हरणासाठी सूचीत वेगळं चिन्ह केलं. खाली सही, तारीख, आणि वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण, तीनदा तपासलेला. मंगळवारी ते हिमानीला घेऊन स्वतःच ब्रेंडाबाईंकडे गेले. हिमानी सांगते की बाईंनी नकाशा खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाल्या की त्यांच्या आजोबांच्या शेताचा असाच एक कागद घरी आहे. मंजुरीचा शिक्का त्यांनी तिथल्या तिथं मारला आणि नकाशाची एक प्रत फ्रेम करायला मागितली. तीस दिवस कुठं गेले ते कोणी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी दहा घरांतले दहा कर्ते पुरुष आणि चार कर्त्या बायका फावडी घेऊन मागच्या अंगणात उतरल्या. सगळ्यांनी घरून काम करायची परवानगी घेतली होती आणि ते खरोखर घरून काम करत होते. कानात मीटिंग चालू, आवाज बंद, हातात घमेलं. मधूनच कोणीतरी घमेलं खाली ठेवायचं, आवाज चालू करून "येस, दॅट वर्क्स फॉर मी" म्हणायचं आणि पुन्हा घमेलं उचलायचं. आमची लाल माती ओली झाली की साबण आणि सुकली की वीट. त्या दिवशी ती वीट होती. दुपारपर्यंत एवढ्या पदव्युत्तर लोकांच्या तळहातांना एकसारखे फोड आले.

बाबा दोरी आणि खुंट्या घेऊन घरोघर फिरले. या वेळी प्रत्येक घर वेगळं मोजलं. किल्ल्या, घड्याळं, फोन सगळ्यांना वीस पावलं लांब ठेवायला लावले. अक्षतची मीटिंगही त्यात गेली.

चर मोकळा झाल्यावर सुलेखामावशी बागेच्या नळाची नळी घेऊन पहिल्या घरापर्यंत चढून गेल्या आणि पाणी सोडलं. ते वाहत वाहत दहाही अंगणं ओलांडून तळ्याकडे जाईपर्यंत त्या त्याच्या शेजारून चालत राहिल्या. मग नळी गुंडाळून म्हणाल्या, "उद्या याच्या हजारपट येईल. बघू."

*

गुरुवारी पहाटेपासून पाऊस लागला. मला ऑफिसात असणं भाग होतं. दहा वाजता हिमानीचा फोन आला की बाबा घरात नाहीत.

"कुठं गेले?"

"सुलेखामावशींच्या तळघरात. तुझे गमबूट घालून गेलेत. म्हणाले, मोजणीदारानं हद्दीवर उभं राहायचं असतं."

बाराच्या सुमाराला पावसानं जोर धरला. टेकाडं हलवल्यानंतरची जमीन मी संगणकात घालून ठेवली होती, आणि त्याप्रमाणे पाणी अडीच वाजता सगळ्यात वर चढून नंदूकाकांच्या उंबऱ्याखाली नऊ सेंटिमीटरवर थांबायला हवं होतं. नऊ सेंटिमीटर ही काही फार मोठी जागा नाही. दहाव्या टेकाडाची थोडी माती चरात राहून गेली असली, किंवा कुणाचं सिमेंटचं हरीण वाहत येऊन अडकलं असलं, की ती संपली.

दोन वाजता मी बाबांना फोन लावला. मागून नंदूकाकांचा आवाज येत होता. "मोरेश्वरराव, पत्ता टाका. पाणी काही पळून जात नाही."

"बाबा, कुठवर आलंय?"

"थांबा." दार उघडल्याचा आवाज आला, पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. "उंबऱ्याखाली एक वीत."

सव्वादोनला म्हणाले, "सहा बोटं." सुलेखामावशींनी टॉवेलांचा गठ्ठा दाराशी आणून ठेवल्याचं बाबांनीच सांगितलं. आणि हेही की त्यांनी तो परत आत न्यायला सांगितला, पण मावशींनी ऐकलं नाही.

अडीचला मी पुन्हा विचारलं.

"चार बोटं," ते म्हणाले.

"बाबा, चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर. मॉडेल नऊ म्हणतंय."

"मॉडेलची बोटं जाड असतील."

"अजून चढतंय का?"

"उभा आहे मी. बघतोय." मग कितीतरी वेळ नुसताच पाऊस ऐकू आला. माझ्या टेबलाशी आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. फोनवर मराठीत बोटं मोजत आपत्ती व्यवस्थापन चाललंय, हे त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं.

तेवढ्यात मी संगणकावर ओळीचा ग्रुप उघडला. अक्षतनं आपल्या मागच्या अंगणाचा फोटो टाकला होता. चर काठोकाठ भरून तळ्याकडे पळत होता. खाली लिहिलं होतं: नैऋत्य दुरुस्त केल्याचा प्रत्यक्ष परिणाम. सत्तावीस नमस्कार आले होते. पलीकडच्या गल्लीतल्या कुणीतरी विचारलं होतं की काका आमच्याकडे कधी येतील.

मी ते बाबांना वाचून दाखवलं.

"काय लिहू? चर मोकळा केला म्हणून झालं, असं स्पष्ट लिहितो."

"तुम्ही लिहा. तुमचं ते कामच आहे," बाबा म्हणाले. "पण कुणी वाचणार नाही. पलीकडच्या गल्लीचा उतार कुठं आहे ते तुमच्या नकाशात दिसतं का?"

"दिसतं."

"मग त्यांची टेकाडं कुठं घालायची नाहीत ते मला आधी सांगत जा. मी बाकीचं त्यांना सांगेन."

मागून सुलेखामावशींनी काहीतरी विचारलं. बाबा फोन बाजूला धरून म्हणाले, "नाही ताई, तुम्हाला टेकाड नको. तुमच्याकडून पाण्याला जायचंय."

मग पुन्हा फोनवर आले. "पाच बोटं झाली. म्हणजे उतरायला लागलं. वेळ दोन सत्तेचाळीस. लिहून घ्या, शंतनूराव. सही मी संध्याकाळी करतो. आता नंदूरावांनी माझे पत्ते बघायच्या आत मला खाली बसू द्या."